लिफ्ट नसलेल्या विंगेला लिफ्टचे साडेतीनशे: पायथनमधल्या आतल्या फंक्शनांचे एक प्रकरण

मुलुंडची एक सोसायटी. तीन विंगा, प्रत्येकीत २८ सदनिका, एकूण ८४. ए विंग सर्वांत जुनी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. बी आणि सीला लिफ्ट आहे. सीची मोठी, त्यामुळे तिच्या देखभालीचा वार्षिक करारही महाग. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सभासदांवर सारखा वाटायचा असतो, मग कोणी ती वापरो वा न वापरो. सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, आणि पाण्याचा आकार नळांच्या हिशेबाने. नव्या आर्थिक वर्षाचे दर ठरले ते असे: सेवाशुल्क १,४५० रुपये, प्रत्येक नळामागे १२० रुपये, आणि लिफ्टसाठी ए विंगेला ०, बीला २५०, सीला ३५०. मालमत्ता कर आणि सिंकिंग फंड बिलात वेगळ्या ओळींवर येतात, त्यांचा इथे संबंध नाही. हिशेब पडताळता यावा म्हणून प्रत्येक सदनिकेत ४ नळ धरू.

प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे आणि आकडे सोयीचे घेतले आहेत. कोड मात्र खाली सांगितल्याप्रमाणेच वागतो, कोणीही करून पाहावे.

एप्रिलची बिले लेटरबॉक्समध्ये पडली त्याच संध्याकाळी ए विंगेतून सोसायटीच्या ऑफिसात पहिली तक्रार आली. "अहो, आमच्या विंगेला लिफ्टच नाही. तीन मजले चढून आमचे गुडघे गेले, आणि हे साडेतीनशे कसले लावलेत?"

सेक्रेटरींनी स्वतःचे बिल काढून पाहिले. १,४५० अधिक ४८० अधिक ३५०, म्हणजे २,२८०. रुपयाचाही फरक नाही. सेक्रेटरी सी विंगेत राहतात.

जुनी स्क्रिप्ट आणि नवी स्क्रिप्ट

बिले काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, काही वर्षे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत होती आणि बरोबर चालत होती. नव्या वर्षाचे दर घालताना ती पायथन या दुसऱ्या भाषेत उतरवली गेली, ओळीस ओळ. चूक शोधायला सुरुवात दोन्ही स्क्रिप्टा शेजारी ठेवूनच करावी लागते, कारण पायथनच्या कोडमध्ये एकही ओळ उघडपणे चुकीची दिसत नाही. चूक आहे ती गाळलेल्या ओळीत.

(कोडमधले कळीचे शब्द आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत, चालवताना ते रोमनमध्येच टंकावे लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत खरोखर चालतात.)

पीएचपीतला गाभा असा होता:

```
फॉरीच ($दरपत्रक ॲज $विंग => $लिफ्टदर) {
    $बिलकर्ते[$विंग] = फंक्शन ($सदनिका)
        यूज ($सेवाशुल्क, $पाणीदर, $लिफ्टदर, &$एकूण) {
        $रक्कम = $सेवाशुल्क + $पाणीदर * $सदनिका->नळ + $लिफ्टदर;
        $एकूण += $रक्कम;
        रिटर्न $रक्कम;
    };
}
```

पायथनमध्ये त्याचे झाले ते असे:

```
डेफ महिन्याची_बिले(सदनिका_यादी):
    सेवाशुल्क = १४५०
    पाणीदर = १२०
    एकूण = ०
    बिलकर्ते = {}
    फॉर विंग, लिफ्टदर इन [("ए", ०), ("बी", २५०), ("सी", ३५०)]:
        डेफ आकारणी(सदनिका):
            रक्कम = सेवाशुल्क + पाणीदर * सदनिका.नळ + लिफ्टदर
            एकूण += रक्कम
            रिटर्न रक्कम
        बिलकर्ते[विंग] = आकारणी
    फॉर सदनिका इन सदनिका_यादी:
        सदनिका.बिल = बिलकर्ते[सदनिका.विंग](सदनिका)
    रिटर्न एकूण
```

पीएचपीत 'फंक्शन' या शब्दाने लिहिलेल्या अशा आतल्या फंक्शनला बाहेरची व्हेरिएबल आपोआप दिसत नाहीत. जे हवे ते यूज या शब्दापुढे कंसात मागून घ्यावे लागते; ही सोय पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. नुसते नाव लिहिले तर फंक्शन तयार होते त्या क्षणीच्या किमतीची प्रत मिळते. नावाआधी & लावले तर प्रत न मिळता मूळ व्हेरिएबलच हाती येते. वरच्या एका ओळीत दोन्ही प्रकार आहेत: लिफ्टदराची प्रत, आणि एकूणचे मूळ. जुन्या स्क्रिप्टचा सगळा शहाणपणा त्या ओळीत होता.

पायथनमध्ये यूज नाही. आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची नावे आपसूक दिसतात. उतरवणाऱ्याने 'इथे याची गरज नाही' म्हणून ती ओळ काढली आणि वाचण्यापुरते ते खरेच होते. पण त्या ओळीबरोबर दोन वेगवेगळे निर्णय गेले, म्हणून दोन वेगवेगळ्या चुका जन्मल्या. एकीने पहिल्याच फेरीत आरडाओरडा केला. दुसरी गप्प बसली आणि ८४ पैकी ५६ सदनिकांच्या बिलात शिरली.

ओरडणारी चूक, आणि तिच्यावरचा वाईट उपाय

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवल्यावर 'एकूण += रक्कम' या ओळीवर अनबाउंडलोकलएरर आला. पायथन ३.११ पासून संदेशाचा अर्थ साधारण असा असतो की ज्या लोकल (त्या फंक्शनच्या स्वतःच्या) व्हेरिएबलला अजून किंमत जोडलेली नाही ते वापरता येत नाही. वाचणारा बुचकळ्यात पडतो, कारण पाच ओळी वर 'एकूण = ०' डोळ्यांसमोर असते.

कारण असे. पायथन फंक्शन चालवण्याआधी त्याचे अख्खे शरीर वाचतो आणि प्रत्येक नाव कोणाचे ते तेव्हाच ठरवून टाकतो. शरीरात कुठेही त्या नावाला किंमत दिलेली असेल, मग ते = असो, += असो की फॉरचे नाव असो, तर ते नाव पूर्ण फंक्शनभर लोकल. किंमत देणारी ओळ शेवटची असली तरी फरक पडत नाही. 'एकूण += रक्कम' आधी एकूण वाचते आणि मग लिहिते. लिहिते म्हणून ते लोकल ठरले, आणि लोकल एकूणमध्ये वाचण्यासारखे काहीच नव्हते.

हे तपासायला डिस मॉड्यूल पुरते; फंक्शनच्या आतल्या यांत्रिक सूचना ते उलगडून दाखवते. आतल्या फंक्शनवर ते चालवले की लिफ्टदरापुढे लोड_डेरेफ दिसते, म्हणजे बाहेरच्या फंक्शनकडून आणलेले. एकूणपुढे लोड_फास्ट घराण्यातली सूचना दिसते, म्हणजे लोकल. एकाच फंक्शनमध्ये शेजारच्या दोन ओळींवर दोन नावांचे दोन स्कोप, म्हणजे नाव जिथे चालते ते दोन आवाके.

गोंधळात भर टाकणारी आणखी एक गोष्ट याच फंक्शनमध्ये होती, ती वरच्या उताऱ्यात जागेअभावी दाखवलेली नाही. थकबाकीदारांची एक यादी बाहेर होती आणि आतून तिच्यात ॲपेंड होत होते. ते बिनतक्रार चालत होते. म्हणून निष्कर्ष काढला गेला की 'यादी चालते, आकडा चालत नाही.' तसे नाही. ॲपेंड नावाला नवी किंमत देत नाही. आहे त्या यादीत भर टाकतो, म्हणजे नाव फक्त वाचले जाते. त्याच यादीवर 'यादी += [सदनिका]' लिहिले असते तर तीही ओरडली असती. प्रश्न वस्तू कोणत्या जातीची याचा नाही, नावाला पुन्हा बांधले की नाही याचा आहे.

सापडलेला पहिला उपाय नेहमीचाच होता: ग्लोबल, म्हणजे व्हेरिएबल अख्ख्या फाइलीचे करणे. 'एकूण = ०' ही ओळ फंक्शनमधून उचलून फाइलीच्या डोक्यावर नेली, आतल्या फंक्शनमध्ये 'ग्लोबल एकूण' लिहिले. एरर गेला, एप्रिलची बेरीज १,९१,५२० आली. स्क्रिप्ट तिमाहीची तिन्ही बिले एकाच फेरीत काढते. फाइलीच्या डोक्यावरची ओळ मात्र फेरीत एकदाच चालते. तेव्हा मेची बेरीज ३,८३,०४० आली आणि जूनची ५,७४,५६०. खजिनदारांच्या कागदावर सोसायटी दर महिन्याला नवी ८४ घरे बांधत होती.

एप्रिलची बेरीज चुकली आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, कारण दर नवे होते आणि मार्चच्या बेरजेशी ती जुळण्याची अपेक्षाच नव्हती. मे दुप्पट आला म्हणून वही उघडली गेली. 

बरोबर शब्द नॉनलोकल. पायथनमध्ये आतली फंक्शने बाहेरची नावे वाचू लागली ती पेप २२७ मुळे (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव), २००१ मध्ये: २.१ मध्ये ऐच्छिक आणि २.२ पासून कायमची. पण त्या नावांना आतून नवी किंमत देण्याची सोय पेप ३१०४ ने आणली, आणि ती पायथन ३.० बरोबर २००८ मध्ये आली. मधली वर्षे लोक एका घटकाची यादी बनवून तिच्या शून्याव्या घरात आकडा ठेवत. जुन्या कोडमध्ये 'एकूण[०] += रक्कम' असे विचित्र काही दिसले तर ते त्या काळचे.

'नॉनलोकल एकूण' लिहिताना एक अट: ते नाव बाहेरच्या एखाद्या फंक्शनमध्ये खरोखर बांधलेले असले पाहिजे. नसेल तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, सिंटॅक्सएरर येतो. फाइलीच्या पातळीवरचे नाव नॉनलोकलला चालत नाही. म्हणून ग्लोबलच्या नादात वर नेलेली 'एकूण = ०' आधी परत खाली आणावी लागली, मगच नॉनलोकल बसले. बेरजा तीनही महिने १,९१,५२० येऊ लागल्या. सारख्या, आणि सारख्याच चुकीच्या.

गप्प बसलेली चूक

आता लिफ्ट. खजिनदारांनी बेरीज शीर्षनिहाय फोडली आणि लिफ्टच्या खात्यात २९,४०० दिसले. असायला हवे होते बीचे २८ गुणिले २५०, म्हणजे ७,०००, आणि सीचे २८ गुणिले ३५०, म्हणजे ९,८००, मिळून १६,८००. जास्तीचे १२,६००. त्यातले ९,८०० एचे आणि २,८०० बीचे. एकदा ही फोड समोर आल्यावर चुकीचे रूप स्पष्ट होते: सर्वांना सीचा दर लागला आहे. चार नळांच्या कोणत्याही सदनिकेचे बिल २,२८०, विंग कोणतीही असो. एला १,९३० आणि बीला २,१८० यायला हवे होते.

पहिला संशय सदनिकांच्या एक्सेल फाइलीवर गेला, विंगेच्या रकान्यात काही गडबड असेल म्हणून. हा संशय पाच मिनिटांत सोडून देण्यासारखा होता. 'ए' पुढे एखादी रिकामी जागा घुसली असती तर बिलकर्तेमध्ये तशी किल्ली सापडली नसती आणि कीएरर आला असता. चुकीची किंमत आली, एरर आला नाही, म्हणजे किल्ली सापडली आणि तिच्याखालचे फंक्शनच चुकीचे बोलले.

यानंतरची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी: दरपत्रकाचा क्रम उलटा करणे. सी, बी, ए असे लिहून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सगळ्या ८४ बिलांत लिफ्ट शून्य, बेरीज १,६२,१२०. दर तेच, सदनिका त्याच, फक्त ओळींचा क्रम बदलला आणि उत्तर बदलले. यादीत शेवटी जो, त्याचा दर सर्वांना.

आत काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहता येते. आतल्या प्रत्येक फंक्शनला क्लोजर नावाचा गुणधर्म असतो (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर). त्यात सेल नावाच्या डब्या असतात, बाहेरून घेतलेल्या प्रत्येक नावासाठी एक. कोणती डबी कोणाची हे कोड ऑब्जेक्टमधल्या को_फ्रीवार्सच्या क्रमावरून कळते. दोन्ही झिपने जोडून घ्यावे, घर क्रमांक हाताने मोजत बसू नये. मोजण्याचा कंटाळा असेल तर इन्स्पेक्ट मॉड्यूलमधले गेटक्लोजरव्हार्स नाव आणि किंमत सरळ दाखवते. लूप संपल्यावर ए, बी, सी तिन्ही फंक्शनांच्या लिफ्टदराच्या डबीत ३५० होते. त्याहून महत्त्वाचे: 'इझ' ने ताडून पाहिले तर ती डबी एकच होती. फंक्शने तीन, त्यांचे पत्ते वेगळे, पण लिफ्टदराची डबी सामाईक.

दोन कारणे एकत्र आली की हे घडते. पहिले, पायथनचा फॉर स्वतःचा स्कोप बनवत नाही. लिफ्टदर हे महिन्याची_बिले या फंक्शनचे एकच व्हेरिएबल आहे. लूपची प्रत्येक फेरी त्यातली किंमत पुसून नवी लिहिते आणि लूप संपल्यावर शेवटची तिथेच राहते. दुसरे, आतले फंक्शन तयार होताना किंमत उचलत नाही, डबी पकडते, आणि डबी उघडते ती बोलावल्यावर. सोसायटीच्याच भाषेत सांगायचे तर पीएचपीचा यूज नोटीसची झेरॉक्स काढून हातात देतो. पायथन तळमजल्यावरच्या नोटीस बोर्डाकडे बोट दाखवतो. तुम्ही खाली जाऊन वाचाल तेव्हा तिथे जी नोटीस असेल ती.

आणि म्हणूनच चाचणीत चूक सापडली नव्हती. कोड लिहिताना तपासणीसाठी प्रिंटची ओळ लूपच्या आत होती: फंक्शन बनवायचे, लगेच एका नमुना सदनिकेवर बोलवायचे, आकडा छापायचा. त्या क्षणी बोर्डावर त्याच विंगेची नोटीस होती. १,९३०, २,१८०, २,२८०, तिन्ही बरोबर. प्रिंट काढून टाकली, खरी बिले लूपनंतर निघाली, आणि तोवर बोर्डावर सी. दुसरी तपासणी सेक्रेटरींची, ती सी विंगेत. दोन्ही तपासण्या प्रामाणिक होत्या, आणि दोन्ही नेमक्या चूक न दिसणाऱ्या जागी उभ्या होत्या.

हाच लूप फंक्शनच्या आत नसून सरळ फाइलीच्या पातळीवर असता तर क्लोजर गुणधर्मात काहीच सापडले नसते, तो नन (पायथनचे 'काही नाही') असतो. कारण तेव्हा लिफ्टदर ग्लोबल. चूक मात्र तीच झाली असती. 'क्लोजर रिकामा आहे, म्हणजे हा तो प्रकार नव्हे' असे समजू नये. डेफऐवजी लॅम्डा, म्हणजे एका ओळीचे बिननावाचे फंक्शन, वापरल्यानेही काही बदलत नाही.

दुरुस्ती

प्रचलित तोडगा एका शब्दाचा आहे: लिफ्टदराला ठरीव (डिफॉल्ट) किंमत म्हणून मागून घेणे.

```
डेफ आकारणी(सदनिका, लिफ्टदर=लिफ्टदर):
```

डावीकडचा लिफ्टदर आतला, उजवीकडचा बाहेरचा. ठरीव किमती डेफ चालतो त्या क्षणी काढल्या जातात, म्हणून इथे झेरॉक्स निघते. चालते, पण एक फट राहते. उद्या कोणी आकारणीला दुसरी किंमत म्हणून थकबाकी द्यायला लागला, तर ती निमूटपणे लिफ्टदरात जाऊन बसेल, आणि खरा लिफ्टदर गायब होईल. एररही नाही. ही पळवाट वापरायचीच असेल तर मध्ये एक सुटा तारा घालावा:

```
डेफ आकारणी(सदनिका, *, लिफ्टदर=लिफ्टदर):
```

ताऱ्यानंतरची किंमत तिचे नाव घेतल्याशिवाय भरता येत नाही. जास्तीची किंमत आली की टाइपएरर येतो. फंकटूल्स मॉड्यूलमधले पार्शलही हेच काम करते.

बिलासारख्या पैशांच्या कोडमध्ये मात्र फंक्शन बनवणारे वेगळे फंक्शन लिहिणे सर्वांत बरे. दोन ओळी वाढतात, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला 'लिफ्टदर=लिफ्टदर' हे काय टायपो आहे का, असा प्रश्न पडत नाही आणि तो ते 'साफ' करायला जात नाही.

```
डेफ आकारणी_बनव(सेवाशुल्क, पाणीदर, लिफ्टदर):
    डेफ आकारणी(सदनिका):
        रिटर्न सेवाशुल्क + पाणीदर * सदनिका.नळ + लिफ्टदर
    रिटर्न आकारणी
```

लूपमध्ये आता फक्त 'बिलकर्ते[विंग] = आकारणी_बनव(सेवाशुल्क, पाणीदर, लिफ्टदर)' उरते. आकारणी_बनव दर वेळी बोलावले की त्याचे लोकल स्कोप नवे, म्हणून डबी नवी. तीन विंगा, तीन डब्या: ०, २५०, ३५०. पकडणे तेच आहे, पण आता ज्याच्या त्याच्या मजल्यावर वेगळा बोर्ड आहे आणि त्यावरची नोटीस कोणी बदलत नाही.

बनवणारे फंक्शन लूपच्या आतच लिहून त्यात लिफ्टदर पॅरामीटर म्हणून न घेता बाहेरूनच वाचला, तर काहीही सुधारत नाही. एक थर वाढतो, डबी तीच. पॅरामीटरमधून किंमत जाणे हाच उपायाचा जीव आहे.

वरच्या दुरुस्त फंक्शनमध्ये एकूण नाही हे लक्षात आले असेल. नॉनलोकलने बेरीज बरोबर होत होती, तरी ते काढले. बिलाची रक्कम काढणारे फंक्शन बोलावले की बेरीजही वाढते, ही रचनाच वाईट. सेक्रेटरींनी छापण्याआधी एखादे बिल पडद्यावर पाहिले तर ती रक्कम बेरजेत दोनदा धरली जाणार. बेरीज शेवटी एका ओळीत काढावी, सर्व सदनिकांच्या बिलांवर सम हे बेरजेचे फंक्शन चालवून. पीएचपीतला &$एकूण त्या काळी चालला म्हणून तो पुढे न्यायलाच हवा असे नाही.

दुरुस्तीनंतरची एप्रिलची बेरीज १,७८,९२०. आधीच्या १,९१,५२० मधून ती वजा केली की नेमके १२,६०० उरतात, लिफ्टच्या खात्यातल्या फरकाइतके. हा मेळ बसल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानले गेले नाही.

दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांसाठी

गैरसमज पायथनचा कमी आणि प्रवासाचा जास्त आहे. जावास्क्रिप्टमध्ये व्हार वापरून हेच लिहिले तर हीच चूक होते. २०१५ च्या आवृत्तीत आलेले लेट फॉरच्या प्रत्येक फेरीला नवे बंधन देते, म्हणून तिथून येणाऱ्याला आता हा प्रकार आठवतही नाही. पॉवरशेलमध्ये आतल्या फंक्शनला बाहेरचे वाचता येते, पण किंमत दिली की तिथल्या तिथे नवे लोकल तयार होते आणि बाहेरचे जसेच्या तसे राहते. एरर नाही, बेरीज शून्यच. त्यामानाने पायथनचे ओरडणे परवडते. बॅशमध्ये तर बोलावणाऱ्या फंक्शनचे लोकल आतल्याला दिसते आणि बदलताही येते, कोणी कुठे लिहिले आहे याच्याशी संबंध नाही, कोणी बोलावले याच्याशी आहे.

छापलेल्या बिलांचे काय

एप्रिलची बिले वाटून झाली होती. मे-जूनची फक्त फाइलीत होती, ती टाकून नवी काढली. वाटलेली बिले परत गोळा केली नाहीत. त्याच क्रमांकाचे दुसरे बिल फिरू लागले की लेखापरीक्षणात उत्तरे देत बसावे लागते. त्याऐवजी मेच्या बिलात वेगळ्या ओळीवर जमा दाखवली: ए विंगेतल्या प्रत्येक सदनिकेला ३५०, बीतल्या प्रत्येकीला १००. सीला काही नाही.

एक काम मात्र जमा दाखवण्याच्याही आधी करायचे होते. ए विंगेतल्या काहींनी साडेतीनशे कापून उरलेले पैसे भरले होते. स्क्रिप्टच्या लेखी ते थकबाकीदार. आदर्श उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त २१% दराने सरळ व्याज लावता येते. सोसायटीने तोच दर ठरवला असेल तर ३५० वर महिन्याला ६ रुपये १३ पैसे. रक्कम चहाची, पण लिफ्ट नसलेल्या माणसाला लिफ्टच्या पैशांवर व्याज लावल्यावर सर्वसाधारण सभेत काय होते हे मुंबईत कोणाला सांगायला नको. म्हणून मेची व्याजाची फेरी थांबवून आधी जमानोंदी घातल्या, मग व्याज चालवले.

स्क्रिप्टसोबत आता तीन चाचण्या राहतात. प्रत्येक विंगेतल्या दोन सदनिका, एक ४ नळांची आणि एक ५ नळांची, लूप संपल्यानंतर बोलावून हाताने काढलेल्या आकड्यांशी ताडायच्या. दरपत्रक उलट्या क्रमाने देऊन सर्व ८४ बिले तीच येतात का पाहायचे. एकाच फेरीत तोच महिना दोनदा काढून दोन्ही बेरजा सारख्या आहेत का ते तपासायचे. याशिवाय रफ या कोड तपासणाऱ्या साधनात बी०२३ हा नियम चालू केला आहे. लूपचे व्हेरिएबल पकडणाऱ्या आतल्या फंक्शनवर तो बोट ठेवतो. पायलिंट या तशाच साधनात याच कामाचा इशारा डब्ल्यू०६४० आहे. जुन्या कोडवर बी०२३ चालवला तेव्हा त्याने लिफ्टदराची ती ओळ दाखवली. एकूणवर तो काही बोलला नाही. ते त्याचे काम नव्हे.

आणि बिले छापण्याआधी सही करणारे आता दोघे आहेत, सेक्रेटरी आणि ए विंगेतला एक सभासद.